प्लॅस्टिकचे फर्निचर (अंतर्गत सजावटीतील)

प्लॅस्टिकचे फर्निचर : संश्लिष्ट बहुवारिकांपासून (पॉलिमरांपासून), मुख्यतः साच्यात घडवलेल्या खुर्च्या, टेबले, कप्पे व तत्सम वस्तू. त्यांचा रोजचा वापर सर्वपरिचित आहे. अंतर्गत सजावटीच्या इतिहासात मात्र या वस्तूंना महत्त्व आले ते पाठ, बैठक आणि पाय हे वेगळे भाग सांधण्याऐवजी सलग पृष्ठातून घडवता येतील, या शक्यतेमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतरपासून १९७३ च्या तेलसंकटापर्यंतच्या उत्पादनांना संग्राहक सामान्यतः ‘व्हिंटेज’ म्हणतात. ही सीमा अर्थातच ढोबळ आहे.

लिओ बेकलँड याने १९०७ मध्ये सिद्ध केलेले बेकेलाइट हे प्लॅस्टिक रेडिओची पेटी, मुठी, विजेची बटणे यांसाठी उपयुक्त ठरले. ते कठीण पण ठिसूळ असल्यामुळे माणसाचा भार पेलणाऱ्या वस्तूंसाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ही अडचण काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलिएस्टरने (फायबरग्लासने) दूर केली. विमानांवरील रडारची आवरणे बनवण्याच्या युद्धकालीन अनुभवातून हे द्रव्य फर्निचरकडे आले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४८ मध्ये जाहीर केलेल्या अल्पखर्ची फर्निचरच्या स्पर्धेसाठी चार्ल्स व रे ईम्स यांनी पत्र्याच्या कवचाची खुर्ची मांडली होती. पत्रा महाग पडू लागल्यावर तेच कवच फायबरग्लासमध्ये घडवण्यात आले आणि १९५० पासून हर्मन मिलर कंपनीने ते बाजारात आणले. ईरो सारिनेन याच्या ट्यूलिप खुर्चीतही (१९५५–५७) बैठक फायबरग्लासची असली, तरी आधारदांडा ॲल्युमिनियमचा आहे. संपूर्ण खुर्ची एकाच द्रव्याची असावी ही त्याची इच्छा तत्कालीन तंत्रामुळे अपुरी राहिली. दोन्ही भागांना एकच रंग देऊन त्याने निदान तसा भास निर्माण केला.

एकसंध प्लॅस्टिकची पहिली खुर्ची कोणती, हा प्रश्न वादग्रस्त आहे आणि त्याचे उत्तर ‘पहिली’ कशाच्या आधारे ठरवायचे यावर अवलंबून राहते. कॅनडात १९४६ च्या सुमारास डग्लस सिम्प्सन व जेम्स डोनाह्यू यांनी सलग प्लॅस्टिक खुर्चीचा नमुना बनवला होता, परंतु तिचे उत्पादन झाले नाही. मार्को झानूसो व रिचर्ड सॅपर यांची कार्टेल कंपनीसाठी केलेली मुलांची खुर्ची (१९६४) पॉलिएथिलिनची असून इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून, बनत असे. मात्र तिचे पाय वेगळे जोडावे लागत. जो कोलोंबो याच्या ‘युनिव्हर्साले’ या एबीएसच्या (एक टणक प्लॅस्टिक) खुर्चीचेही तसेच आहे. तिचे पाय काढता येत व कमी-अधिक उंचीचे बसवता येत. हेल्मुट बेट्सनर याने कार्ल्सरूए येथील नाट्यगृहाच्या निमित्ताने आखलेली बोफिंगर खुर्ची फायबरग्लासयुक्त पॉलिएस्टरची असून, एकाच दाबसाच्यातून पायांसह बाहेर पडे. ती १९६६ मध्ये कोलोनच्या फर्निचर प्रदर्शनात मांडली गेली. व्हर्नर पँटॉन याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, मागील पाय नसलेल्या वक्राकार खुर्चीची संकल्पना १९६० च्या आसपासची मानतात, पण व्हिट्रा कंपनीच्या सहकार्याने तिचे मालिका-उत्पादन १९६७ मध्येच सुरू झाले. पँटॉनचा अग्रक्रम सांगणारे लेखक रेखाटनांवर व आरंभीच्या प्रतिकृतींवर भर देतात. परंतु फर्निचर ही उत्पादनात उतरल्यावरच सिद्ध होणारी वस्तू आहे, हे ध्यानात घेता मालिका-उत्पादनाचा निकष अधिक ग्राह्य दिसतो, आणि त्या निकषावर बेट्सनरचे पारडे जड ठरते. मागील पायांविना तोललेली पहिली एकसंध प्लॅस्टिक खुर्ची, हा पँटॉनचा मान मात्र त्यामुळे कमी होत नाही.

या वादाच्या तुलनेने पॉलिप्रोपिलीनचा प्रवेश गाजावाजाविना झाला, पण त्याचे परिणाम दूरगामी ठरले. जूलिओ नात्ता याने १९५४ मध्ये या बहुवारिकाचे स्फटिकी रूप मिळवले आणि १९६३ मध्ये रॉबिन डे याने ब्रिटनमधील हिले कंपनीसाठी त्याचे खुर्चीकवच आखले. इंजेक्शन मोल्डिंगचा पोलादी साचा अतिशय खर्चिक असतो, मात्र त्यातून निघणारा प्रत्येक नग अत्यल्प वेळात तयार होतो. त्यामुळे उत्पादन प्रचंड संख्येने झाले तरच हिशेब जुळतो. हा हिशेब टोकाला नेणारी वस्तू म्हणजे फ्रान्समधील आंरी मासोने याची ‘फोतोय ३००’ (१९७२). जगभर बागेत व उपाहारगृहांबाहेर दिसणाऱ्या हातांच्या एकसंध खुर्चीची ती पूर्वज समजली जाते. अभिरुचीच्या इतिहासकारांनी या खुर्चीकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. व्हिट्रा डिझाइन म्युझियमने २०१७ मध्ये तिच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

१९६० नंतरच्या दशकात भडक रंग, गोलाकार रूपे व रचता येणारे घटक यांनी सजावटीचा तोंडवळा बदलला. ईरो आर्निओ याची गोलाकार खुर्ची (१९६३), झानोत्ता कंपनीची फुगवण्याची पीव्हीसी खुर्ची (१९६७) आणि आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी हिचे एकमेकांवर चढवता येणारे वर्तुळाकार कप्पे ही त्याची उदाहरणे होत. १९७३ नंतर कच्चा माल महागला आणि प्लॅस्टिकची प्रतिष्ठाही ओसरली. तिचे पुनरागमन शतकाच्या अखेरीस पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून झाले. फिलिप स्टार्क याची ‘ला मारी’ (१९९९) व ‘लुई गोस्ट’ (२००२) या खुर्च्या लहान खोलीत जागा अडवल्यासारख्या वाटत नाहीत, म्हणून सजावटकारांना विशेष सोयीच्या ठरल्या. अलीकडे पुनर्वापरित प्लॅस्टिकचा वापर वाढला असून, २०१० मधील ‘१११ नेव्ही’ खुर्ची एका नगामागे १११ पेट बाटल्यांच्या द्रव्यापासून बनवल्याचे सांगितले जाते.

जुन्या वस्तूंचा काळ ठरवताना द्रव्य हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो. पँटॉन खुर्ची फायबरग्लास, कठीण पॉलियुरेथेन फेस, पॉलिस्टायरीन-वर्गीय थर्मोप्लॅस्टिक (उष्णतेने मऊ होणारे प्लॅस्टिक) आणि १९९९ पासून पॉलिप्रोपिलीन अशा क्रमाने बनत गेली. फेसाचे नग घासून रंगवलेले असतात. १९७१ ते १९७९ मधील थर्मोप्लॅस्टिक नगांना बैठकीखालच्या वळणाशी बळकटीच्या फासळ्या असतात. पॉलिप्रोपिलीनमध्ये रंग द्रव्यातच मिसळलेला असतो. थर्मोप्लॅस्टिक नग कालांतराने तडकू लागल्याने १९७९ मध्ये उत्पादन थांबवावे लागले होते.

प्लॅस्टिक कुजत नाही, हा समज संग्रहालयांच्या अनुभवाला धरून नाही. एबीएस अतिनील किरणांनी पिवळे पडते व ठिसूळ होते, पीव्हीसीतील मऊपणा देणारी द्रव्ये पृष्ठावर येऊन ते चिकट बनते आणि मऊ पॉलियुरेथेन फेसाचा भुगा होतो. फायबरग्लासचा वरचा थर झिजला की तंतू उघडे पडून त्वचेला टोचतात. ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेटवर अल्कोहोल किंवा अमोनियायुक्त स्वच्छक वापरल्यास बारीक तड्यांचे जाळे उमटू शकते. म्हणून त्यांच्यासाठी सौम्य साबणाचे पाणी व मऊ कापडच वापरावे लागते. एकदा पिवळे पडलेले प्लॅस्टिक खात्रीने पूर्ववत करता येत नसल्याने संग्रहालयांतील जतनतज्ज्ञ प्रकाश व उष्णता मर्यादित ठेवण्यावरच भर देतात.