पाय उठतात, पोट्टं उठत नाही

लहान गटाचा खो-खो चालू असला की पंचाची शिट्टी सारखी एकाच चुकीसाठी वाजते. खो मिळायच्या आधीच कुणीतरी उठलेलं असतं. मेळघाटात, धारणीकडच्या एका आश्रमशाळेच्या मैदानावर सरांनी अशाच एकाला विचारलं, "अबे, खो भेटला का तुले? मंग उठला कायले?" तो म्हणाला, "मी नाही उठलो सर, पाय उठले." सगळं मैदान हसलं. मेंदूविज्ञानाच्या हिशेबाने मात्र पोट्ट्याचं उत्तर जवळजवळ बरोबर होतं.

हल्ली शिबिरांच्या पत्रकांवर 'खेळातून जीवनकौशल्ये' असं छापलेलं असतं आणि आदिवासी भागात त्यापुढे 'द्विभाषिक उपक्रम' हेही येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी दिली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, समानुभूती, संवाद, ताण आणि भावना हाताळणं वगैरे. यादी चांगलीच आहे. पण धावलं-खेळलं की ही कौशल्यं आपोआप अंगात शिरतात, असा जो समज झाला आहे तो तपासायला हवा. मी त्यातलं एकच सूत्र धरतो, कारण निर्णय, राग, भांडण, आमिष या सगळ्यांच्या मुळाशी ते आहे. ते म्हणजे सुरू झालेली कृती अर्ध्यात रोखता येणं.

गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवान या संशोधकांनी १९८४ मध्ये यासाठी एक देखणं प्रतिमान मांडलं. त्यांच्या मते डोक्यात दोन धावपटू पळत असतात, 'कर' आणि 'थांब'. दोघे एकमेकांशी न बोलता पळतात आणि जो आधी पोचेल त्याचं शरीर ऐकतं. प्रयोग साधा असतो. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण अधूनमधून बाणानंतर आवाज येतो, तेव्हा दाबायचं नाही. आवाज लवकर आला तर थांबणं सोपं जातं. उशिरा आला तर बोट खाली गेलेलंच असतं.

आता गंमत बघा. समजा एखाद्याला बाण दिसल्यापासून बटण दाबायला साधारण ५०० मिलिसेकंद लागतात. आवाजाची वेळ मागे-पुढे करत आपण अशा जागी आलो, की तो निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा फसतो. ही जागा निघाली ३०० मिलिसेकंदांवर. निम्मे-निम्मे, म्हणजे शर्यत बरोबरीत. 'कर' ५०० वर पोचतो, तर 'थांब'ही ५०० वरच पोचत असणार. पण तो निघाला ३०० वर. म्हणजे त्याला लागले २०० मिलिसेकंद. जी हालचाल झालीच नाही, तिला रोखायला लागलेला वेळ असा वजाबाकीने हाती येतो! निरोगी प्रौढांमध्ये तो सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. लहान मुलांमध्ये जास्त असतो आणि वयाबरोबर घटत जातो.

हा 'थांब' निघतो कुठून? उजव्या कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागातून. तिथे इजा झालेल्या रुग्णांना या चाचणीत थांबणं जड जातं. तिथून निरोप जातो खोलवरच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या इवल्याशा पुंजक्याकडे, आणि नेहमीचा वळणाचा रस्ता टाळून थेट जातो. हा पुंजका पुढच्या ग्लोबस पॅलिडसला चेतवतो, ग्लोबस पॅलिडस थॅलॅमसला दाबून धरतो आणि हालचालीचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. असं थांबणं बहुधा सरसकट असतं. बैलजोडीचा कासरा ओढावा तसं, एकट्या बैलापुरतं नसतं. कंपवाताच्या रुग्णांमध्ये याच पुंजक्यात विद्युतअग्र बसवतात, आणि काही रुग्ण मग कठीण निवडीतही घाई करू लागतात.

(तालुक्याच्या गावी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग हजारो रुपये घेऊन डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलांकडून पुस्तक वाचून घेतात. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, बस. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. बंद पडला तर पोरगं शुद्धीवर राहणार नाही.)

खो-खोचे नियम या नजरेने वाचले तर हा खेळ कुणी मेंदूच्या प्रयोगशाळेत रचला असावा असं वाटतं. आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलाग करतोय. विरुद्ध संघाचा पळणारा गडी समोरून हातभर अंतरावरून जातो, बसलेल्याच्या पायातला 'कर' केव्हाच निघालेला असतो, पण पाठीला हात लागून 'खो' ऐकू येईपर्यंत त्या 'कर'ला हरवत राहायचं. खो मिळाला की त्याच क्षणी उठायचं आणि डावं-उजवं ठरवायचं. एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत माघार नाही. आणि पाठलाग करणाऱ्यावर तर आणखी कठीण वेळ येते. हाताशी आलेला गडी मधल्या पाटीच्या पलीकडे गेला की त्याचा मोह सोडून बसलेल्या सोबत्याला खो द्यायचा.

मग ही सवय वर्गात आणि घरात उतरते का? इथे उत्साहाला आवर घालायला हवा. पडद्यावरच्या सरावाने माणूस त्या सरावातच पटाईत होतो, दूरच्या कामांवर परिणाम फारसा दिसत नाही. खेळांबाबत चित्र थोडं बरं आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ७ ते ११ वर्षांच्या १७१ स्थूल मुलांना शाळेनंतर रोज पळापळीचे खेळ खेळवले, तेव्हा नियोजनाच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले. २०११ चा हा अभ्यास. पण नियोजनाची चाचणी वेगळी आणि जेवणाच्या रांगेत धक्का बसल्यावर हात न उचलणं वेगळं. मधला पूल बोलून बांधावा लागतो.

इथे भाषा येते. मेळघाटात घरी कोरकू आणि शाळेत मराठी, तिकडे गडचिरोलीत घरी गोंडी. कोरकू मुंडा कुळातली, संथाळीची नातेवाईक. गोंडी द्राविडी, मराठी भारतीय-आर्य. दोन भाषांनी पोर गोंधळतं, ही भीती खोटी आहे. आणि दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, ही जाहिरातही टिकलेली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या माहितीत द्विभाषिकांना थांबण्या-वळण्याच्या चाचण्यांत कोणताही खास फायदा सापडला नाही. कोरकूत 'मिया, बारी' (एक, दोन) म्हटलं की बसा, मराठीत 'एक, दोन' म्हटलं की पळा, असला खेळ मजेदार आहे, जरूर खेळवावा. त्याने बुद्ध्यांक वाढेल असं मात्र पत्रकावर छापू नये.

दुसऱ्या भाषेची खरी गरज खेळ संपल्यावर लागते. २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना यंत्र लावून त्यांना दोन्ही भाषांत वाक्यं ऐकवली गेली. लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांसारखी रागावणारी वाक्यं तुर्कीत ऐकताना त्यांच्या कातडीची विद्युतवाहकता जास्त उसळली. घाम खोटं बोलत नाही. आईच्या भाषेतलं रागावणं आत जातं. राग, लाज, हिरमोड यांना नाव देतानाही मुलाच्या तोंडी हीच भाषा आधी येते. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची खळबळ कमी होते, हे २००७ च्या मेंदू-चित्रण प्रयोगात दिसलं आहे. म्हणून सामन्यानंतर वर्तुळात बसून 'बाद झाल्यावर काय वाटलं' हे मराठीत विचारलं की बहुतेक पोरं 'काही नाही सर' म्हणून मोकळी होतात. तोच प्रश्न कोरकूतून आला की वेळ अपुरी पडते.

बहुतेक ठिकाणी सरांना कोरकू येत नाही. आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीला येते, आणि वर्तुळ तीच चांगलं चालवते. विदर्भातल्या उन्हात हे सगळं सकाळी आठच्या आत उरकावं लागतं, म्हणून मॅच दोन डावांवरून एकावर आणली तरी चालेल, गप्पा कापू नयेत. खो-खोला दोन खुंट आणि चुन्याची पिशवी लागते. उपक्रमाचा प्रस्ताव लिहिताना पहिली ओळ गावातल्या कोरकू बोलणाऱ्या तरुणाच्या मानधनाची असावी. ट्रॅकसूट शेवटी लिहिले तरी चालतील.