निष्कासन अंश (हृदयाचा)

हृदयाच्या डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे शेकडा प्रमाण. डॉक्टर याला ‘इ.एफ.’ (इजेक्शन फ्रॅक्शन) म्हणतात, कोकणात घरोघरी ‘पंपिंग’. संकल्पना १९६० च्या आसपास रुळली असावी. १९६२ मध्ये फोल्स व ब्राउनवाल्ड यांनी मापनाची एक पद्धत प्रसिद्ध केली.

निरोगी जवनिकेत सुमारे १२० मिलि. रक्त मावते, त्यातले ७० मिलि. बाहेर जाते, म्हणजे ५८ टक्के. शंभर टक्के कोणाचेच नसते. त्यामुळे ‘पंपिंग ३०’ म्हणजे ‘सत्तर टक्के हार्ट गेलं’ हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसे उपचारांआधीच हाय खातात. जवनिका ताणून २०० मिलि.ची झाली, तर तीस टक्क्यांनीही ६० मिलि. रक्त बाहेर पडते. असा रुग्ण ओटीवर बसून नीट गप्पा मारतो. पाखाडी चढताना मात्र दोनदा थांबतो. उलट झडप गळकी असेल तर काही रक्त मागे कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) जाते व आकडा वास्तवापेक्षा बरा दिसतो.

मापन बहुधा टूडी इकोने (ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीने) होते. जवनिकेच्या व्यासावर आधारलेले टाइकहोल्झ यांचे सूत्र (१९७६) झटक्यानंतर भिंतीचा एखादाच भाग दुबळा असल्यास फसते. तेथे जवनिकेचे थर कल्पून आकारमान काढणारी सिम्पसन पद्धती अधिक ग्राह्य वाटते. तरीही दोन तपासण्यांत पाच-दहा अंकांचा फरक पडू शकतो. सिंधुदुर्गातून बांबोळीला (गोव्यातील सरकारी रुग्णालयात) किंवा रत्नागिरीतून कोल्हापूरला जाताना जुना अहवाल जवळ हवा तो यासाठी.

४० टक्के किंवा त्याखालील अंश घटलेला मानतात. हृदयविकाराचा झटका, मद्य, झडपांचे विकार, हृदयस्नायूचा दाह, क्वचित बाळंतपण ही कारणे. केवळ आकड्यावरून आयुष्याची वर्षे सांगता येत नाहीत. औषधांनी अनेकांचा अंश वाढतो. निदान तीन महिन्यांच्या पूर्ण उपचारांनंतरही तो ३५ च्या वर न गेल्यास विजेचा झटका देऊन ठोके सुधारणारे यंत्र बसवण्याचा विचार होतो. अंश सुधारला तरी गोळ्या सोडू नयेत: ट्रेड-एचएफ चाचणीत (२०१८) हृदयस्नायूच्या विकारातून सावरलेल्यांची औषधे थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के जणांचा आजार उलटला.

पथ्यात मीठ मुख्य. ते खाऱ्या बांगड्यात असते तसेच सोलकढीच्या आगळातही. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारे औषध) चालू असल्यास रोजचे शहाळेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण पोटॅशियम वाढते. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले किंवा चपलेचा पट्टा पायात रुतू लागला, तर अंगात पाणी साठत असण्याचा संभव असतो, लगेच दाखवावे.