जामखेडचे हापसे

पोराला जुलाब लागले की आपण दवाखान्यात पळतो, सलाईन लावतात, पोरगं बरं होऊन घरी येतं आणि परत तेच पाणी पितं. पंधरा दिवसांनी परत दवाखाना.

1970 ला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले तेव्हा तिथे जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावायची. त्यात दुष्काळ पडलेला. लोक म्हणाले दवाखान्याचं नंतर बघू, आधी पाणी न् खायला मिळू द्या, आणि आरोळेंनी ते मनावर घेतलं. मला तर वाटतं पुढचं सगळं काम तिथूनच उभं राहिलं.

बोअर घेतल्या तेव्हा हापसे मुद्दाम दलित वस्तीत बसवले. म्हणजे ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांच्याच दारात आता अख्ख्या गावाने हंडे घेऊन यायचं! पाण्यासाठी जो सगळ्यात मागे उभा त्याचंच मूल आधी आजारी पडतं, हे औषधाच्या बाटलीने कसं बदलणार?

शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित, पण बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबाचा उपाय सगळं शिकल्या. उपाय तरी किती साधा बघा, लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबातसुद्धा आतडं साखर ओढून घेत असतं, साखरेबरोबर मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी. नुसतं पाणी पाजलं तर ते तेवढं शोषलं जात नाही. हे शेजारच्या बाईने तिच्याच चुलीपाशी बसून करून दाखवलं की आईला पटतं, डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून ते होत नाही.

नव्वदच्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी 30 च्या खाली आला होता.

घरोघरी शोषखड्डेही झाले. मोरीचं पाणी दारात साचू न देता दगडविटांनी भरलेल्या खड्ड्यात सोडायचं, ते जमिनीत मुरतं. अंड्यातून डास तयार व्हायला साचलेलं पाणी साधारण आठवडा-दहा दिवस लागतं, ते पाणीच उरत नाही.