तापलं म्हणजे लाट आली असं नाही

होळीला अजून आठ दिवस आहेत. बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा पळस पेटलाय, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पहाटे पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावी लागते आणि दुपारी एकला उन्हात लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसवत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला असा एखादा आठवडा आमच्या वऱ्हाडात येतो. त्याच्या मागोमाग 'उष्णतेची लाट' हा शब्द येतो, आधी पेपरात, मग चहाच्या टपरीवर, मग कुटुंबाच्या ग्रुपवर. हवामान खातं म्हणतं लाट नाही. मग लोक चिडतात. "३९ झालं तरी लाट नाही? एसीत बसून काय कळणार यांना!"

तापलेला आठवडा वेगळा आणि लाट वेगळी. पहिल्याबद्दल फार बोलत नाही. ऊन कसं असतं हे विदर्भातल्या माणसाला दुसऱ्या कोणी शिकवू नये. घोळ आहे तो लाटेचा.

'लाट' हा बोलण्यातला साधा शब्द वाटतो, पण भारतीय हवामान विभागाने तो आकड्यांना बांधलेला आहे. मैदानी भागासाठी अटी दोन, आणि दोन्ही एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. कमाल तापमान ४० अंशांना पोचलेलं हवं, आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवं. फरक ६.४च्या वर गेला तर तीव्र लाट. बहुतेकांच्या डोक्यात यातली पहिलीच अट असते, तीही अर्धवट: चाळीस झालं की लाट. काहींना दुसरीच तेवढी ठाऊक असते, त्यांना फेब्रुवारीत पाच अंश वाढले की लाट दिसते. दोघंही चुकतात, आणि एकमेकांशी तावातावाने भांडतात.

हिशोब करून बघा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याची सरासरी साधारण ३५ धरा. पारा गेला ३९.८वर. फरक ४.८, म्हणजे दुसरी अट पास. पण चाळिशीला दोन दशांश कमी पडले, लाट नाही. आता मे घ्या. सरासरीच ४२-४३, पारा ४४.५. चाळीस केव्हाच मागे पडले, पण फरक जेमतेम दोन अंशांचा, म्हणून इथेही लाट नाही. मार्चमध्ये पहिली अट आडवी येते, मेमध्ये दुसरी. मेसाठी मात्र एक वेगळी वाट ठेवलेली आहे: पारा ४५ला पोचला की सरासरी बघत बसायचं नाही, ती लाटच, ४७ला तीव्र. चंद्रपूर, ब्रह्मपुरीसारख्या गावांत मेमधली लाट बऱ्याचदा याच दारातून येते.

किनारपट्टीला आणि डोंगराळ भागाला सरासरीपेक्षा ४.५ अंशांची अट तीच, पण चाळिसाच्या जागी अनुक्रमे ३७ आणि ३०. सगळ्यात जास्त वाद इथे होतो. २५ फेब्रुवारी २०२५ला मुंबईत सांताक्रूझला ३८.७ अंश नोंदले गेले, सरासरीपेक्षा पाच अंशांहून जास्त. कोकण किनारपट्टीला लाटेचा इशारा होता. त्या संध्याकाळी माझ्या आत्याचा मुंबईहून फोन आला. "अरे, आमच्याकडे ३८ तर लाट म्हणतायत, तुमच्याकडे रोजचेच ३८, तुम्ही कसे रे राहता?" म्हटलं, "आत्या, तुमच्याकडे फेब्रुवारीत ३८ म्हणजे घरात साप निघाल्यासारखं, आमच्याकडे तो कोपऱ्यातली पाल." तिला पटलं नाही. पण मुद्दा तोच आहे. लाट ठरवताना किती तापलं याच्याबरोबर कुठे आणि कधी तापलं हेही बघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणावर जमिनीकडून पूर्वेचा वारा जोर धरून बसला की दुपारचा समुद्रवारा उशिरा आत शिरतो, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत पारा झेप घेतो. आमच्याकडे मुळात समुद्रच नाही, त्यामुळे वाट बघायला काही नसतं.

मुदतीचा गैरसमजही मोठा आहे. 'आठवडाभर तापतंय, मग लाट नाही तर काय?' विभाग आठवडा मोजत नाही. हवामानाच्या एका उपविभागात (विदर्भ हा एक, मराठवाडा दुसरा) किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस निकष पुरा झाला, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणजे सात दिवस ३९ राहिलं तर लाट नाही, आणि दोन दिवस ४१ झालं तर असू शकते. विचित्र वाटेल, पण रेषा कुठेतरी मारावी लागतेच.

आता माझी ठसठस. गाडीच्या डॅशबोर्डवर ४४ दिसतं त्याचा फोटो काढून 'बघा, खातं खोटं बोलतं' असं लिहू नका, कृपा करा. अधिकृत तापमान लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीत मोजतात. पेटीचं दार उत्तरेला असतं, वाचताना ऊन आत पडू नये म्हणून. डांबरावर उभ्या असलेल्या गाडीचा सेन्सर डांबराचीच हवा मोजतो. फोनवरचा 'जाणवणारं' तापमान हा आकडा आणखी तिसराच; आर्द्रता आणि वारा धरून काढलेला असतो. त्याचा लाटेच्या निकषाशी संबंध नाही.

दुसरी ठसठस दरवर्षी मार्चमध्ये फॉरवर्ड होऊन येते. 'इक्विनॉक्समुळे पुढचे पाच दिवस भयंकर तापमान, बारा ते तीन बाहेर पडू नका.' इक्विनॉक्स म्हणजे विषुवदिन, तो दरवर्षी २०-२१ मार्चला येतो, आणि त्या दिवशी सूर्य डोक्यावर असतो विषुववृत्तावरच्या माणसाच्या. आमच्या डोक्यावर येतो मेच्या उत्तरार्धात, शून्य सावलीच्या दिवशी. हा मजकूर पाठवणारे काका दरवर्षी तेच असतात, शेवटचे नमस्काराचे जोडलेले हातही तेच.

मग हा आठवडा अवेळी एवढा का तापतो? बहुतेक वेळा पश्चिम किंवा मध्य भारतावर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडतं. त्यात वरची हवा हळूहळू खाली उतरते, उतरताना दाबली जाते, आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. अशा हवेत ढग धरत नाहीत. पश्चिमेकडून येऊन उत्तर भारतावरून जाणारे, थंडी-पाऊस आणणारे पश्चिमी झंझावात अशक्त असले की गारवाही नाही आणि पाऊसही नाही. मार्च २०२२ला देशभर हेच झालं: १९०१पासूनच्या नोंदींत तो सर्वांत तापलेला मार्च ठरला, देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश, आणि पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी, जेमतेम ८.९ मिलिमीटर.

कोरडेपणावरून आठवलं. या आठवड्याला 'उकाडा' म्हणणारे बातमीदार मला सोसत नाहीत. उकाडा म्हणजे घाम सुटतो आणि सुकत नाही तो. आमच्याकडे दुपारी धुतलेला टॉवेल गच्चीवर टाकून खाली येऊन चहा घेईपर्यंत कडक होतो, ओठ फुटतात, आणि घाम आला होता हे शर्टावरच्या मिठाच्या रेषेवरूनच कळतं. याला वऱ्हाडात शब्द आहे: तपन. आणि या फरकावर आमचे घरगुती व्यवहार चालतात. माळ्यावरून कूलर काढा, वाळ्याच्या ताट्या बसवा, पंपात अडकलेला मागच्या वर्षीचा क्षार खरवडा, पाणी सोडा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि खोली चांगली आठ-दहा अंशांनी उतरते. हाच कूलर आत्याच्या घरी लावला तर भिंतींना बुरशी येईल. हवामान खातंही किनारपट्टीला बऱ्याचदा 'उष्ण व दमट' असा वेगळा इशारा देतं, त्यालाही लोक लाटच म्हणतात. असो.

'लाट नाही' याचा अर्थ 'काळजी नाही' असा काढणारेही तेवढेच चुकतात. निकष मुख्यतः माणसाच्या जिवासाठी बेतलेले आहेत. गव्हाला चाळिसाची वाट बघायची गरज नसते. उशिरा पेरलेला गहू मार्चच्या सुरुवातीला चिकात असतो. दाणा भरत असताना दिवसाचं तापमान तिशीच्या बरंच वर राहिलं की रोप घाई करतं, भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाणा बारीक, चिमलेला निघतो. २०२२ला देशाच्या गहू उत्पादनाचा सुरुवातीचा सुमारे ११.१ कोटी टनांचा अंदाज नंतर खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. आंबिया बहाराच्या, म्हणजे थंडीच्या शेवटी फुलणाऱ्या, संत्र्याचंही तसंच, वाटाण्याएवढी फळं देठाशी पिवळी पडून गळतात.

आमच्या शेताशेजारचे दादा या आठवड्यात बांधावर भेटले. त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून कूस उडवली आणि उरलेले दाणे माझ्यापुढे धरले. निम्मे सुरकुतलेले. नखाने दाबला तर चीक यायला हवा होता, पिठूळ काहीतरी आलं.

"पेपरात लाट नाई म्हन्ते," ते म्हणाले. "मंग हे काय हाय?"

मी म्हटलं, "दादा, ही तपन आहे. संध्याकाळी वारा पडला की हलकं पाणी द्या. वाऱ्यात देऊ नका, गहू लोळेल."

"लाइट रात्री दोनले येते," ते म्हणाले, आणि दाणे तोंडात टाकून मोटारीकडे गेले.