मोल्सवर्थ : एका विरळ इंग्रजी आडनावाचे मूळ आणि पसारा

मराठी वाचकाला मोल्सवर्थ हे नाव कोशामुळे ठाऊक असते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंना सोबत घेऊन केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. आपल्याकडे ‘मोल्सवर्थ काय म्हणतो?’ हा प्रश्न कोशालाच उद्देशून विचारला जातो. इंग्लंडात मात्र हे आडनाव विरळ आहे आणि जिथे त्याचा उगम झाला तिथे ते जवळपास दिसतच नाही. हा विरोधाभास वाटतो, पण गावावरून पडलेल्या इंग्रजी आडनावांची रीतच अशी आहे.

उगमाचे गाव, त्याचेही नाव मोल्सवर्थच, हंटिंग्डनशर परगण्यात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला साधारण १० मैलांवर आहे. १९८०च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्धच्या आंदोलनामुळे तिथला हवाई तळ जगभर गाजला. एरवी हे छोटेसे खेडे. १०८६च्या ‘डूम्सडे’ या राजाने करवलेल्या जमीनपाहणीत ते ‘मोलेसवर्दे’ अशा रूपात येते. नावाचा उत्तरार्ध ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती किंवा वाडी. टॅमवर्थ, केनिलवर्थ, वाँड्सवर्थ यांतही तोच आहे. पूर्वार्धात ‘मूल’ नावाचा कोणी माणूस आहे. अँग्लो-सॅक्सन काळात हे नाव प्रत्यक्ष वापरात होते : वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या मूल नावाच्या भावाला ६८७ साली केंटमध्ये जाळून मारल्याची नोंद आहे. ‘मोल’ नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याशी संबंध जोडणारी लोकप्रिय व्युत्पत्ती टिकत नाही. त्या प्राण्यासाठी हा शब्द इंग्रजीत १४व्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो, म्हणजे गावाचे नाव लिहिले गेल्यानंतर सुमारे ३०० वर्षांनी.

गावात राहणाऱ्याला गावाचे नाव सहसा आडनाव म्हणून चिकटत नाही. सासवड सोडून दुसरीकडे गेल्यावर माणूस सासवडकर होतो, तसेच हे आहे. १३व्या शतकातल्या लॅटिन दस्तांत ‘अमुक दे मोल्सवर्थ’ असे लिहिलेले सापडते तेव्हा तो इसम बहुधा शेजारच्या गावात किंवा तालुक्याच्या बाजारात स्थायिक झालेला असतो. हंटिंग्डनशरची याबाबत चांगली सोय आहे. १२७९-८० सालच्या ‘हंड्रेड रोल्स’ या जमीनपाहणीचे कागद ज्या मोजक्या परगण्यांचे तपशीलवार टिकले त्यांत हा परगणा आहे. कुळे, जमीनधारणा आणि खंड यांच्या याद्यांत ‘दे’ लावलेली नावे ओळीने येतात. मात्र तिथले प्रत्येक ‘दे मोल्सवर्थ’ आडनाव समजू नये. बापाचे, मुलाचे आणि नातवाचे नाव त्याच रूपात आले तरच ते वंशपरंपरागत झाले असे म्हणता येते. दक्षिण इंग्लंडात आणि मिडलंड्सच्या बऱ्याच भागात ही प्रक्रिया साधारण १३५०पर्यंत पुरी होत आली, उत्तरेकडे ती आणखी लांबली. पुढच्या काळात ‘दे’ गळून पडते आणि नुसते मोल्सवर्थ उरते.

पिअरेजच्या, म्हणजे उमरावांच्या वंशावळींच्या, पुस्तकांत या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून सर वॉल्टर दे मोल्सवर्थ यांचे नाव येते. एडवर्ड पहिल्याच्या राजवटीत ते बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशर या जोडपरगण्याचे शेरीफ, म्हणजे राजाचे अधिकारी, होते. १२७०च्या क्रूसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, ते एडवर्डबरोबर गेले आणि म्हणून कुलचिन्हावर छोटे क्रूस आले, ही पुढची गोष्ट जपून घ्यावी. ढालीवर क्रूस असला की पूर्वजाला क्रूसेडला पाठवायचे, ही १७व्या-१८व्या शतकातल्या वंशावळकारांची जुनी सवय आहे. शेरीफपदाला सरकारी दप्तराचा आधार असतो, कुलचिन्हाच्या कथेला तसा नसतो.

त्यानंतरच्या इतिहासात दोन शाखा ठळक आहेत. पहिली कॉर्नवॉलची. एलिझाबेथ पहिलीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हे डची ऑफ कॉर्नवॉलचे हिशेबनीस म्हणून तिकडे गेले आणि एग्लोशेल पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) पेनकॅरो इथे घराणे स्थिरावले. त्यांनी हेंडर घराण्यातल्या वारस मुलीशी लग्न केले. तेव्हापासून ‘हेंडर’ हे मुलांचे पहिले नाव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिले. जमैकाचे कारभारी राहिलेले हेंडर मोल्सवर्थ १६८९ साली बॅरोनेट झाले (हा वंशपरंपरागत किताब). याच शाखेतले ८वे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५) मूलगामी विचारांचे खासदार होते आणि अखेरीस वसाहतमंत्री झाले.

दुसरी शाखा आयर्लंडची. वंशावळी तिचा धागा नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फॉदरिंगेपर्यंत नेतात. फॉदरिंगे मूळ गावापासून अवघ्या १० मैलांवर आहे. इथला एक रॉबर्ट मोल्सवर्थ १७व्या शतकाच्या मध्यात डब्लिनचा व्यापारी झाला आणि क्रॉमवेलच्या काळात त्याला आयर्लंडात जमीन मिळाली. त्याचे लग्न बिस घराण्यात झाले. त्याचा मुलगा रॉबर्ट (१६५६-१७२५) डेन्मार्कमध्ये राजदूत होता आणि १७१६ साली व्हायकाउंट मोल्सवर्थ हा उमरावी किताब त्याला मिळाला. त्याच्या मुलांपैकी रिचर्डने १७०६च्या रामियीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोला आपला घोडा दिला. दुसऱ्या एका मुलाचे नाव होते ‘बिस’.

हेंडर आणि बिस ही नावे शोधकर्त्याच्या फार उपयोगाची आहेत. विरळ आडनावात जॉन, विल्यम, रॉबर्ट यांवरून काहीच ठरत नाही, कारण ती नावे सगळ्याच घरांत असतात. आईच्या माहेरचे आडनाव मुलाचे पहिले किंवा मधले नाव म्हणून आले की शाखेचा पत्ता लागतो. ‘नॅसॉ’, ‘सेंट ऑबिन’ अशी मधली नावेही टिपून ठेवावीत. पण नावावरून बांधलेला अंदाज अंदाजच असतो. श्रीमंत घराण्याचे नाव त्यांचे कूळ किंवा नोकरही हौसेने मुलाला देत, म्हणून बाप्तिस्म्याची नोंद किंवा मृत्युपत्र मिळेपर्यंत ती शाखा पेन्सिलीनेच लिहावी.

आडनाव विरळ का राहिले याचे पहिले कारण गावाचा आकार. लहान गावातून बाहेर पडणारी आणि त्याच नावाने ओळखली जाणारी घरे थोडीच असणार. दुसरे कारण गणिती आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली आडनावे नामशेष होण्याचा प्रश्न मांडला आणि एच. डब्ल्यू. वॉटसन यांच्यासह १८७४ साली त्याची मांडणी केली. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जाते, त्यामुळे दोन-चार घरांपासून सुरुवात झाली असेल तर पहिल्या काही पिढ्यांतच बहुतेक धागे तुटतात. १३४८-४९च्या प्लेगने ही छाटणी आणखी कडक केली. तिसरे कारण वारशाचे : दुसऱ्या घराण्याची इस्टेट मिळाली की तिचे आडनाव लावायचे. त्यातून मोल्सवर्थ-सेंट ऑबिन हे जोडनाव झाले. अनुक्रमणिका करणारा ते ‘एम’खाली घालेल, ‘एस’खाली घालेल किंवा ‘ए’खाली, हे त्याच्या मर्जीवर. तिन्हीकडे पाहावेच लागते.

आता नकाशा. इंग्रजी आडनावांच्या वितरणासाठी सर्वांत सोयीची पायरी म्हणजे १८८१ची जनगणना, कारण तिची पूर्ण नक्कल झालेली आहे. आकडे दोन प्रकारे मांडतात : परगण्यात एकूण किती माणसे, आणि दर लाखामागे किती. विरळ आडनावाला दुसरी पद्धत हमखास फसवते. समजा, रटलंड या इवल्याशा परगण्यात ६ जणांचे एकच कुटुंब राहते. रटलंडची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २१ हजार, म्हणजे दर लाखामागे २८ निघतात. लँकेशरची लोकसंख्या साडेचौतीस लाखांच्या घरात. तिथे १०० जण असले तरी दर लाखामागे जेमतेम ३. नकाशावर रटलंड गडद रंगते आणि पाहणारा तेच मूळ समजून बसतो. म्हणून विरळ नावासाठी माणसे मोजण्याऐवजी घरे मोजावीत आणि प्रत्येक घरातल्या कर्त्याच्या जन्मस्थळाचा रकाना वाचावा. हा रकाना पॅरिशसह १८५१पासून मिळतो. १८४१मध्ये फक्त ‘याच परगण्यात जन्म : होय किंवा नाही’ एवढेच आहे, आणि प्रौढांची वये ५च्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत.

लँकेशरमधल्या रॉचडेलचे उदाहरण घ्या. १९व्या शतकात तिथे मोल्सवर्थ दिसतात. आसपासच्या मुलखात ॲशवर्थ, बटरवर्थ अशी ‘वर्थ’वाली स्थानिक आडनावे भरपूर असल्यामुळे हेही तिथलेच असावे असे सहज वाटते. खरे कारण एका धर्मगुरूची नेमणूक. पहिल्या व्हायकाउंटचे पणतू जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ १८३९ साली रॉचडेलचे व्हिकर (पॅरिशचे मुख्य धर्मगुरू) झाले आणि १८७७पर्यंत, मरेपर्यंत, त्या पदावर राहिले. मुलगा विल्यम नॅसॉ हाही त्याच गावात धर्मगुरू होता. दुसरा मुलगा गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ (१८२८-१९२५) सिलोनच्या रेल्वेत गेला, पुढे भारत सरकारचा सल्लागार अभियंता झाला. त्याची सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. म्हणजे हंटिंग्डनशरचे नाव, आयर्लंडची शाखा, हॅम्पशरमधला जन्म आणि लँकेशरमधली नोंद! या आडनावाचा नकाशा मुख्यतः नोकऱ्यांचा नकाशा आहे : चर्च, लष्कर, न्यायालय, वसाहती.

परगण्याच्या सीमाही गोंधळ घालतात. मोल्सवर्थ गाव हंटिंग्डनशरचे असले तरी जन्ममृत्यूच्या नोंदणीसाठी ते थ्रॅप्स्टन जिल्ह्यात होते, आणि थ्रॅप्स्टन नॉर्थॅम्प्टनशरमध्ये आहे. नोंदणी जिल्ह्यांवर रंगवलेल्या नकाशात मूळ गावच शेजारच्या परगण्यात जाऊन बसते. हंटिंग्डनशरचे दप्तर आजच्या केंब्रिजशरखाली शोधावे लागते, कारण १९७४ साली तो भाग त्यात विलीन झाला.

याहून मोठा धोका म्हणजे चेशरमधले मोल्ड्सवर्थ. चेस्टरजवळचे हे वेगळेच गाव, त्याच्या पूर्वार्धाचे मूळही वेगळे. तिथून निघालेल्या माणसांचे आडनाव ‘ड’ गळून मोल्सवर्थ होऊ शकते, आणि उच्चारात तो ‘ड’ फार काळ टिकतही नाही. म्हणून वायव्य इंग्लंडातल्या मजूर, विणकर, शेतकरी घरांच्या नोंदी हंटिंग्डनशरला जोडण्यापूर्वी १७००च्या मागची लेखने पाहावीत. इथे संगणकी शोधाची खोच आहे. ध्वनीवरून नावे जुळवणाऱ्या साउंडेक्स पद्धतीत मोल्सवर्थचा संकेत एम-४२६ येतो आणि मोल्ड्सवर्थचा एम-४३२, कारण ‘डी’ला स्वतंत्र अंक मिळतो. एक टाकले तर दुसरे निघत नाही. उपाय सोपा : ‘एम’, तारा, ‘एल’, तारा, ‘एस-डब्ल्यू’, तारा, ‘आर-टी-एच’ असा तारांकित शोध द्यावा. तारा (*) म्हणजे तिथे कोणतीही आणि कितीही अक्षरे चालतील. हाताने नक्कल करणाऱ्यांनी मोठा ‘एम’ पुष्कळदा ‘डब्ल्यू’ वाचलेला असतो, तेव्हा पहिले अक्षर बदलूनही एकदा पाहावे.

कागदांचा क्रम अलीकडून मागे असा धरावा. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी १ जुलै १८३७पासून आहे. तिमाही अनुक्रमणिकेतली तिमाही जन्माची नसून नोंद केल्याची असते. छापील अनुक्रमणिकेत आईचे माहेरचे आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळते, नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन अनुक्रमणिकेत मात्र १८३७पासून. त्यामागे पॅरिशच्या नोंदवह्या, त्या ठेवण्याच्या १५३८च्या आदेशापासून. तिथे १७५२च्या आधीचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून ‘फेब्रुवारी १७०१’ म्हणजे आपल्या हिशेबाने १७०२. हे विसरले की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले दिसते. नोंदवहीत खंड असेल तर १६६२ ते १६८९मधला चूलकर कामी येतो : दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि चुलींची संख्या. चुलींच्या संख्येवरून घराची ऐपतही कळते.

वाय गुणसूत्र आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून त्याची चाचणी विरळ आडनावाला चांगली लागू पडते. टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोसारख्या विरळ नावात बहुतेक पुरुष एकाच मूळ पुरुषाकडे गेले, तर स्मिथमध्ये तसा धागाच नव्हता. मोल्सवर्थसाठी निदान तीन नमुने हवेत : पेनकॅरो शाखा, आयर्लंडची शाखा आणि चेशरकडचे घर. एकाच शाखेतल्या चुलत भावांचे दहा नमुने घेऊन काही सिद्ध होत नाही. जमैकासारख्या ठिकाणी तर गुलामांना मालकाची आडनावे लागत, तिथे आडनाव एक आणि रक्ताचे नाते नाही अशी घरे असणारच.

गावांची आणि रस्त्यांची नावे वितरणात धरू नयेत. वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडची संसद ज्यावर आहे तो मोल्सवर्थ रस्ता, त्याच देशातले सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचे मोल्सवर्थ स्टेशन, डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट : यांवरून तिथे या आडनावाची वस्ती होती असे ठरत नाही.

कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेल्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर पाहावे लागते. कॅडेट म्हणून भरती होताना दिलेल्या कागदांत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, म्हणजे पॅरिश आणि आईबाप एकाच ठिकाणी मिळतात. ही कागदपत्रे ‘एल-मिल-९’ या मालिकेत आहेत. मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती जन्म, लग्ने आणि दफन ‘एन-३’ मालिकेत. निवृत्त होऊन परतलेल्यांचे मृत्यू मात्र तिथे नसतात. कोशकार मोल्सवर्थ जुलै १८७१मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला वारले. त्यांची नोंद त्या वर्षाच्या सप्टेंबर तिमाहीत, क्लिफ्टन नोंदणी जिल्ह्यात शोधावी. या जिल्ह्याचे नाव १८७७ साली बार्टन रेजिस झाले, त्यामुळे नंतरच्या जिल्हायादीत क्लिफ्टन न दिसल्यास गोंधळू नये. मृत्युपत्रासाठी १८५८पासूनची राष्ट्रीय प्रोबेट (मृत्युपत्र मंजुरीची) यादी वर्षवार आणि आडनावाच्या क्रमाने लावलेली आहे.