पार्श्वभूमी : रुग्णालयाच्या बॉयलरकडे लाकूड परत का येतंय?

रुग्णालयाची हीटिंग यंत्रणा लाकडावर चालवायची म्हटलं की ठाणेकर आधी हसतो. इथे जानेवारीत स्वेटर निघतो तोही हौसेने. खोल्या गरम करायच्या आहेत कुणाला?

हसू रास्त आहे, कारण कल्पना मुळात थंड मुलखातली. १९७३ च्या तेलसंकटाने युरोपला हादरवलं. पुढे स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर बसवला आणि शहरभर गरम पाणी पुरवणारी तिथली केंद्रं तेल-कोळसा सोडून मोठ्या प्रमाणावर लाकडाच्या चिप्सकडे वळली. जंगल त्यांच्या दारात होतं, हिवाळा लांबलचक होता, हिशेब जुळला.

आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयालाही उष्णता भरपूर लागते, फक्त ती रुग्णाला दिसत नाही. शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायला १२१ अंशांची दाबाखालची वाफ पंधरा मिनिटं, किंवा १३४ अंशांची तीन-चार मिनिटं द्यावी लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ चार्ल्स शाम्बरलाँ यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं, बनवलं, त्यानंतर या कामात वाफेची जागा फारशी कुणी घेतलेली नाही. शिवाय धुलाईखाना आहे. चादरी आणि गाऊन ७१ अंशांच्या पाण्यात पंचवीस मिनिटं धुवावेत, असा एक प्रचलित दंडक आहे. वर शेकडो माणसांचा स्वयंपाक. हे सगळं जिथे एका बॉयलरवर चालतं, तिथे तो इमारतीच्या मागे, शवागाराच्या किंवा कँटीनच्या शेजारी कुठेतरी असतो.

वाफ ठाण्याला नवी नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ओढत तीन इंजिनं इथेच येऊन थांबली. वाफेची धास्तीही तितकीच जुनी. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसं गेली, दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला, आणि १९२३ मध्ये सगळ्या प्रांतांचे वेगवेगळे नियम रद्द करून एकच बॉयलर कायदा आला. तो थेट २०२५ पर्यंत चालला. आता त्याच्या जागी नवा आहे. म्हणजे इंधन बदलायचं तर नुसती भट्टी बदलून भागत नाही, बॉयलर निरीक्षकाच्या कागदांतूनही जावं लागतं.

पण आत जळायचं काय? शहापूर-मुरबाडकडचं लाकूड, गावोगावच्या वखारी, भिवंडीच्या सायझिंगवाल्यांच्या (सुताला खळ लावणाऱ्यांच्या) भट्ट्या हे या जिल्ह्याचं जुनं चित्र. लाकूड मागे पडलं ते प्रदूषणाच्या काळजीने नव्हे, तेल सोपं झालं म्हणून. मुंबईत माहुलला १९५४-५५ मध्ये लागोपाठ दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढल्यावर तळाशी जो काळा, दाट ऐवज उरतो तो फर्नेस ऑइल. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्टा भरत गेला, आणि हे तेल टँकरने तासाभरात दारात यायला लागलं. गरम केल्याशिवाय ते नीट वाहत नाही, त्यात साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत गंधक असू शकतं, धुराड्याखालच्या पत्र्यांना ते खातं. तरी स्वस्त होतं, म्हणून चाललं.

१९७४ मध्ये मुंबईसमोरच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं आणि नैसर्गिक वायूची सोय झाली. नळाने वायू पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ मध्ये आली, मग नळ हळूहळू ठाणे-नवी मुंबईत पोहोचले. रुग्णालयाच्या दृष्टीने याहून चांगलं इंधन नाही, हे माझं मत आजही आहे: साठवण नको, राख नको, रात्री भार कमी झाला की बर्नर आपोआप मंदावतो. अडचण दराची. देशांतर्गत स्वस्त वायूत पहिला हक्क घरगुती जोडण्यांचा आणि सीएनजीचा. बॉयलर चालवणाऱ्याला बाजारभाव मोजावा लागतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा तो भाव कुठच्या कुठे गेला. राज्याने त्याच वर्षी एप्रिलपासून वायूवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पण जागतिक बाजार काही मुंबईच्या मंत्रालयातून हलत नाही.

लाकूड परत दिसायला लागलं ते अशा वेळी, नव्या रूपात. भुसा, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, विदर्भातल्या पऱ्हाट्या दळून, वाळवून प्रचंड दाबाखाली ठोकळे करतात. दाबाने तापलेलं लिग्निन (लाकडाला मुळात ताठ ठेवणारा घटक) मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं, वेगळं काही घालावं लागत नाही. कागदावर हे ब्रिकेट, बाजारात 'व्हाइट कोल'. रंग तपकिरी असतो, नाव कुणी दिलं देव जाणे.

आता गणित. फर्नेस ऑइलच्या एका किलोत साधारण दहा हजार किलोकॅलरी, ब्रिकेटमध्ये साडेतीन ते चार हजार. तासाला एक टन वाफ देणारा बॉयलर पूर्ण भारावर तासाला दोनशे किलोच्या आसपास ब्रिकेट खातो. आठ तासांत दीड टनाहून जास्त. हे ठेवायचं कुठे? ठाण्यातल्या रुग्णालयांना गाड्या लावायला जागा नाही. आणि ब्रिकेटला पाणी लागलं की ते फुगून पुन्हा भुसा होतं, तेव्हा कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात साधी ताडपत्री पुरत नाही, पक्कं गोदाम हवं. राखेचंही तसंच. लाकडाची राख टक्का-दोन टक्के, पण माल भाताच्या तुसाचा असेल तर ती वीस टक्क्यांच्या घरात जाते, वर त्यातली सिलिका बॉयलरच्या नळ्यांवर थर धरते. 'बायोमास' हा शब्द या सगळ्याला एकाच गोणीत भरतो, हीच गोम आहे.

धुराचा मुद्दा याहून अवघड. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पाववाल्याने लाकूड सोडायचं आणि रुग्णालयाने धरायचं, हे कुणालाही विचित्र वाटेल. फरक आहे, पण तो लाकडात नाही, भट्टीत आहे. बेकरीत मोडक्या फर्निचरचं रंग-पॉलिश लागलेलं लाकूडही जळतं आणि धूर सरळ वर जातो. बॉयलरला हवेचं प्रमाण राखता येतं, धुराड्याआधी धुरातली धूळ पकडणारे सायक्लोन आणि बॅग फिल्टर बसवता येतात. मात्र फिल्टरच्या पिशव्या फाटतात, बदलायला पैसे लागतात, आणि रुग्णालयाच्या धुराड्याच्या वाऱ्याखाली दम्याचाच वॉर्ड असू शकतो.