पावती नको, वीजबिल पाठवा

(शाखाधिकारी आणि शाखेतल्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी)

आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयात लागतं, पण त्यामागचे आकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीच्या शाखांतून येतात. ते गोळा करून जुळवायचं काम आमचं. दर महिन्याला आम्हाला एकच प्रश्न येतो: "बिल भरल्याची पावती पाठवली की, परत काय मागताय?"

पावतीवर रुपये असतात, आम्हाला युनिट लागतात. रुपयांत स्थिर आकार, कर, मागची बाकी सगळं मिसळलेलं असतं. एका शाखेची एप्रिलची रक्कम मार्चच्या जवळजवळ दुप्पट आली. उन्हाळा आहे, एसी जास्त चालले असतील, असं धरून सगळे कारणं शोधत बसले. मूळ बिल हाती आलं तेव्हा कळलं, मार्चची बाकी त्यात धरली होती आणि युनिट उलट कमीच होते. तीन आठवडे गेले.

हेस्कॉमच्या (कर्नाटकातली आपल्या भागातली वीज कंपनी) बिलावर मागचं आणि आताचं रीडिंग असतं, आणि 'बळके' म्हणजे कन्नडमध्ये वापर. हे तिन्ही आकडे आणि आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. मीटर रीडर देतो त्या चिठ्ठीची शाई फिकी पडते, म्हणून फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. मोठ्या शाखेत सीटी मीटर (जास्त वीज लागते तिथला, प्रत्यक्ष वापराचा ठरावीक हिस्साच मोजणारा मीटर) असेल तर दोन रीडिंगमधल्या फरकाला बिलावरच्या गुणकाने गुणावं लागतं; तो आकडा फोटोत हवाच. चंदगड, कागलकडच्या शाखांचं बिल महावितरणचं, तिथेही युनिटच बघा. वीज भाड्यातच धरलेली असेल तर घरमालकाला सांगून सबमीटर (फक्त आपल्या शाखेचा वापर मोजणारा वेगळा मीटर) बसवून घ्या आणि महिनाअखेरीला त्याचा फोटो पाठवा.

आम्ही अंदाजाने आकडा भरत नाही, याचा काहींना त्रास होतो. पण प्रमाणपत्र तीन वर्षांचं असलं तरी तपासणी दरवर्षी होते, आणि ऑडिटर कुठल्याही शाखेचं, कुठल्याही महिन्याचं बिल मागतो. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. ५०० युनिटांची चूक म्हणजे ३५० किलोची चूक. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा आहे. त्यातही ऊर्जा जूलमध्ये मागतात, रुपयांत नाही. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, ते गणित आम्ही करतो.

जनरेटरच्या डिझेललाही हेच लागू: लिटर लिहा. यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत ठिकाणीच जायला हव्यात. त्या उचलण्याची व्यवस्था आणि कागद दोन्ही आम्ही करून देतो, त्याचे पैसे वेगळे.

ज्या शाखा ५ तारखेच्या आत बिलाचा फोटो पाठवतात, त्यांना आमचा दुसरा फोन जात नाही. नवीन माणूस कामाला लागला असेल तर कळवा; शनिवारी येऊन तासाभरात शिकवून जातो, त्याचे पैसे घेत नाही.